पाहुणे पाच वाजता येणार होते

त्या गुरुवारी माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. साहेबांनी रजेच्या कागदावर सही करताना विचारलंही होतं, "कुठले पाहुणे?" मी म्हटलं, "कुरुळीचे. आपल्या कंपनीच्या शेजारचेच." ते हसले. "मग तुम्हीच त्यांच्याकडे जाऊन या की, तुमच्या काळेवाडीपर्यंत कशाला दमवता त्यांना?"

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी एका वारी नसते. बघायला येणाऱ्या मुलाच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी, आमच्या कंपनीला रविवारी. स्थळ माझ्या पुनावळ्याच्या नणंदेनं आणलं होतं. कुरुळीचं जुनं शेतकरी घर, मुलगा डिप्लोमा झालेला. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता. आमच्या मुलीला पंचविसावं संपत आलं होतं. ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आठवड्यातले तीन दिवस घरून, दोन दिवस ऑफिसात. आतल्या खोलीत दार लावून ती दिवसभर लॅपटॉपसमोर इंग्रजीत बोलत असते. तिथं तिचा आवाज खणखणीत असतो. पण बाहेरच्या खोलीत चार अनोळखी माणसं बसली की तिची जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासूनचं आहे ते.

आदल्या संध्याकाळी मी तिच्या साडीला इस्त्री करत होते, तेव्हा ती दारात उभी राहिली.

"आई, उद्या तू माझ्या शेजारी बस."

"बसते की. दुसरीकडे कुठं जाणार?"

"तसं नाही. चहा आणायला, पोहे आणायला उठू नकोस. आत्याला उठू दे. त्यांनी काही विचारलं आणि मला सुचलं नाही तर तू बोल."

"बरं बाई," मी म्हटलं. "हलत नाही जागची."

मी चाकणला एका कारखान्यात तपासणीवर आहे. सोळा वर्षं झाली. गाडीचं पुढचं चाक ज्या ओतीव लोखंडी तुकड्यावर बसतं आणि स्टिअरिंग फिरवलं की जो तुकडा चाकाला वळवतो, तो आमच्याकडे तयार होतो. कामावर आम्ही त्याला नकल म्हणतो. चार-साडेचार किलोचा नग. तो उचलायचा, दिव्याखाली धरायचा, सगळीकडून फिरवायचा, मानेच्या बाजूला अंगठा ओढून बघायचा. कुठं बारीक चीर दिसली की लाल ट्रेमध्ये. आम्ही चौघी बायका हे काम करत होतो.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या टेबलांशेजारी काचेची एक पेटी उभी राहिली आणि तिच्यात चार कॅमेरे बसले. त्यांच्याबरोबर पुण्याच्या एका कंपनीतली इंजिनिअर आली. माझ्या मुलीच्याच वयाची, केस वर बांधलेली, कायम घाईत. यंत्राला चीर ओळखायला शिकवायचं होतं, आणि साहेबांनी त्यासाठी मला नेमलं. रोज दोन तास मी त्या मुलीशेजारी स्क्रीनसमोर बसायचे. एकेक फोटो समोर यायचा. "काकू, ही चीर की साच्याची रेघ?" साच्याची रेघ म्हणजे ओतताना उमटलेली खूण, तिनं काही बिघडत नाही. मी सांगायचे, ती माउसनं चौकोन काढायची. "कशावरून ओळखता?" असं तिनं विचारलं की मला सांगता यायचं नाही. रेघ सरळ जाते, चीर जरा बिचकत जाते, असं काहीतरी मी बोलायचे आणि ती लिहून घ्यायची.

बाकीच्या तिघी डबा खाताना माझ्याकडे बघायच्या. कुणाला काढणार नाही, दुसरीकडे लावू, असं कंपनीनं सांगितलं होतं. तरी त्यातली एक म्हणालीच, "शिकव, शिकव. नीट शिकव त्याला."

त्या गुरुवारी या यंत्राची शेवटची चाचणी होती. ज्यांच्यासाठी आम्ही नकल बनवतो त्या गाडीच्या कंपनीचा माणूस मुद्दाम आला होता. नग आधी यंत्र बघणार, मग मी, आणि शेवटी कागदावर माझी सही. दहाला सुरू होऊन बाराला संपेल, असा हिशेब होता. पण पेटीतला एक दिवा लुकलुकायला लागला. तो बदलला, तर नग फारच चकाकायला लागले. सगळं जुळून चाचणी सुरू झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

शेवटचा ट्रे संपला तेव्हा सव्वादोन. मुद्दाम मिसळलेले खराब नग यंत्रानं बरोबर ओळखले होते. इंजिनिअर मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला होता. गाडीच्या कंपनीचा माणूस बॅग आवरत होता. आणि माझ्यासमोर दोन नग होते, ज्यांना यंत्रानं हिरवा दिवा दिला होता आणि जे मला लाल ट्रेमध्ये टाकावेसे वाटत होते.

साहेबांनी ते उचलून दिव्याखाली धरले. "कुठं आहे चीर, ताई? मला तर काही दिसत नाही."

"मलाही नीट दिसत नाही, साहेब. पण मानेपाशी अंगठ्याला लागतंय."

इंजिनिअर मुलीनं दोन्ही नगांचे फोटो स्क्रीनवर मोठे केले. "इथं काहीच नाहीये, काकू. साच्याची रेघ असेल."

"असेलही," मी म्हटलं. "चुंबकावर बघून घेऊ."

चुंबकी तपासणीची खोली मागच्या शेडमध्ये आहे. नगावर लोहाच्या बारीक पुडीचं पाणी सोडतात, त्यातून करंट देतात आणि अंधारात निळ्या दिव्याखाली बघतात. चीर असेल तिथं पूड जमून हिरवी चमकते. तिथं खोटं चालत नाही. पण त्या दिवशी तिथं एक तातडीचा माल लागलेला होता, आणि तीनला शिफ्ट बदलणार होती.

साहेबांनी मला खांबाआड नेलं. "ताई, तुमच्याकडे आज पाहुणे आहेत ना? सही करा आणि निघा. हे दोन नग मी भंगारात टाकतो. विषय संपला."

"आणि कागदावर काय लिहायचं?"

"काही लिहायचं नाही. वरून सकाळपासून चार फोन आलेत. समजून घ्या जरा."

साहेब वाईट माणूस नाहीत. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी न मागता आठवडाभर माझी शिफ्ट बदलून दिली होती. मी पेन हातात घेतलं. खरं सांगायचं तर सहीचं पहिलं अक्षर काढलंही. मग वाटलं, उद्यापासून इथं मी नसणार, ही पेटी असणार. या दोन नगांना ती हो म्हणाली, तर असल्या प्रत्येक नगाला हो म्हणेल. आणि तिला शिकवलं होतं मीच. चुकीचं शिकवलं असेल तर?

मी पेन खाली ठेवलं. "चुंबकावर बघू या, साहेब. मी थांबते."

मी निघून गेले असते तर ते नग त्या खोलीपर्यंत पोचले नसते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते केबिनमध्ये गेले.

आमचे मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये असतात. मी ऑफिसच्या फोनवरून घरी लावला. नवऱ्यानं उचलला. "निघालीस का?"

"नाही हो. इथं अडकलेय. साडेचारपर्यंत निघते."

"साडेचारला? अगं, ते पाचला येणार! आणि पोहे भिजवायचे कधी? किती भिजवायचे?"

मी पोह्यांचं सांगितलं, मुलीला फोन द्यायला सांगितलं. तिला म्हटलं, "उशीर होईल गं थोडा."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

साडेतीनला दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आला. तातडीचा माल संपल्याशिवाय तो माझ्या नगांना हात लावेना. त्याचंही बरोबर होतं. मी शेडच्या दारात स्टूल घेऊन बसले, दोन्ही नग पायांपाशी. चार वाजले. साडेचार वाजले. गाडीच्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. इंजिनिअर मुलगी जवळच उभी राहून नख खात होती. तिलाही सहीशिवाय जाता येत नव्हतं. एकदा तिनं विचारलं, "काकू, नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की असतं तर इथं बसले असते का?"

पाच वाजून वीस मिनिटांनी साहेब स्वतःचा फोन घेऊन आले. "तुमच्या मिस्टरांचा आहे."

"आलेत ते," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "मुलाचे मामा सारखं विचारतायत, आई कुठं आहे. व्हिडिओवर ये ना दोन मिनिटं."

आत येणाऱ्या प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्यावर गेटवर लाल स्टिकर लावतात, साहेबांच्याही. मी म्हटलं, "व्हिडिओ जमणार नाही. स्पीकरवर टाका."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपबशा वाजल्या. मग एक भरदार आवाज. "नमस्कार ताई! आमी कुरुळीवरनं तुमच्या घरी आलो, आन तुमी आमच्या गावाला! उलटंच झालं की वो."

सगळे हसले. मीही हसले. "माफ करा हं, निघतेच आहे."

"या सावकाश. तवर आमी पोरीशी बोलतो." मग आवाज जरा लांब गेला, पण मला ऐकू येत होतं. "तर पोरी, लगीन झाल्यावर नोकरीचं कसं? आमच्यात सुना बाहेर न्हाई जात. घरबसल्या काम हाय म्हंत्यात, व्हय का? आन ते तरी किती दिवस करनार?"

आमच्या बाहेरच्या खोलीतला पंखा जुना आहे, त्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मी फोन कानाला घट्ट दाबला. तिचं काय होत असेल ते मला दिसत होतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं असेल, मान खाली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचा तर प्रश्न होता.

"ताई!" आतून ऑपरेटर ओरडला. "तुमचे नग लावतोय. बघायचं तर आत्ता या, परत लावणार नाही."

साहेबांनी फोनसाठी हात पुढे केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. कुणी हिसकावून घेतला नव्हता. मीच दिला.

आत अंधार होता. आम्ही चौघं त्या टेबलाभोवती उभे राहिलो. पहिला नग फिरला. मान, खांदा, भोक, परत मान. कुठंही काही चमकलं नाही. ऑपरेटरनं पुन्हा एकदा फिरवला. साहेबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"साच्याची रेघ," ते म्हणाले.

माझे कान गरम झाले. एवढा वेळ मी एका रेघेसाठी थांबले होते. तिकडं मुलगी एकटी बसली होती आणि इथं माझा अंगठा खोटा ठरला होता. दुसरा नग न बघताच बाहेर पडावं असं वाटलं.

ऑपरेटरनं दुसरा लावला. तो फिरला आणि मानेच्या आतल्या वळणावर केसाएवढी बारीक हिरवी रेष उजळली. नखाएवढी लांब. जरा बिचकत गेलेली.

इंजिनिअर मुलगी वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "मला याचे फोटो पाहिजेत." साहेब फोन घेऊन बाहेर गेले. वर काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण परत आले तेव्हा चाचणी पुढं ढकलल्याचं बोलले.

कागदावर मी दोन्ही नगांचं लिहिलं. पहिल्याबाबत माझी चूक, दुसऱ्याबाबत यंत्राची. साहेब म्हणाले, "पहिल्याचं कशाला लिहिता? तुमचंच चुकलं होतं ते." मी म्हटलं, "म्हणूनच लिहिते."

गेटवरून मोबाइल घेतला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी स्कूटर काढली. कुरुळी गेली, मोशीला ट्रक अडकले होते, भोसरीत सिग्नलवर तीन वेळा थांबले. प्रत्येक ठिकाणी मनात तेच. ती काय बोलली असेल? बोलली तरी असेल का?

घरी पोचले तेव्हा साडेसात होत आले होते. पाहुणे दारात चपला घालत होते. मुलाच्या आईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. निळा युनिफॉर्म, काळे झालेले हात. हात जोडताना मलाच लाज वाटली.

"कामात होता वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो. चाकाच्या एका भागात चीर सापडली. ती बघेपर्यंत निघता आलं नाही."

मामा म्हणाले, "दुसरं कुनी नव्हतं का बघायला?"

होतं म्हणावं की नव्हतं, मला ठरवता येईना. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला काही विचारायचं होतं असं वाटलं, पण त्याची आई जिना उतरायला लागली आणि तोही तिच्यामागं गेला.

मुलगी स्वयंपाकघरात साडी खोचून कपबशा विसळत होती. नणंद मोरीपाशी तोंड फुगवून उभी. मी विचारलं, "काय बोललीस गं त्यांना?"

"नोकरी सोडणार नाही म्हटलं. घरून पण करणार आणि ऑफिसला पण जाणार."

"एवढंच?"

नणंद मध्येच बोलली. "एवढंच कसलं! मामा म्हणाले, मग घरचं कोन करनार? तर ही म्हणते, आमच्याकडे पप्पा भाकरी थापतात!"

"थापतो की," नवरा बाहेरून म्हणाला. "खोटं काय सांगितलं तिनं?"

तिसऱ्या दिवशी नणंदेच्या मोबाइलवर निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळली होती. नणंदेनं तो निरोप मला पुढं पाठवला आणि खाली लिहिलं, आई घरात नसली की असं होतं.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी लॅपटॉप उघडत होती, तेव्हा मी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "माझ्यामुळं मोडलं. मी शेजारी असायला हवं होतं."

तिनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "बरं झालं तू नव्हतीस."

मला वाटलं, टोमणा आहे. "बोल, काय बोलायचं ते."

"टोमणा नाही मारत. तू असतीस तर काय केलं असतंस? माझ्या गुडघ्यावर हात ठेवला असतास आणि म्हणाली असतीस, तिचं काही अडत नाही, नंतर बघू. त्यांना वाटलं असतं ही सोडेल. मला वाटलं असतं मला सोडावी लागणार नाही. आणि लग्न झालं असतं."

मला राग आला. सोळा वर्षं शिफ्ट करून हिला शिकवलं आणि ही मला सांगते मी काय केलं असतं! पण स्कूटरवरून येताना मी तेच वाक्य जुळवत होते. जवळजवळ तेच. तिचं काही अडत नाही, नंतर बघू.

"आणि तू आली नाहीस याचा राग आहे तो आहेच," ती म्हणाली. "तो वेगळा. तो जाईल तेव्हा जाईल." मग तिनं कानाला हेडफोन लावले.

तो राग महिनाभर टिकला. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. डब्याला काय हवं विचारलं तर "काहीही." नवऱ्याशी मात्र हसून बोलायची. मी ऐकत राहायचे.

कारखान्यात त्या इंजिनिअर मुलीनं पुन्हा महिनाभर येऊन फोटो काढले. मीही पुन्हा शेजारी बसले, पण आता शंका आलेला नग आधी चुंबकावर बघायचा आणि मगच यंत्राला शिकवायचा, असं आम्ही ठरवलं. माझ्या अंगठ्यावरही सोडायचं नाही. शेवटी पेटी सुरू झाली. चौघींपैकी दोघींना पॅकिंगला पाठवलं. त्यातली एक डबा खाताना माझ्याशेजारी बसायची, ती आता दुसऱ्या टेबलावर बसते. मी तिला दोष देत नाही. मला का ठेवलं, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही.

एका मंगळवारी सकाळी मुलीच्या ऑफिसची गाडी आली नाही. मी स्कूटर काढत होते. ती खाली येऊन म्हणाली, "मला नाशिक फाट्यापर्यंत सोड." पिंपरीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून माझ्या कानाशी म्हणाली, "आई, वर्षभर स्थळं बघू नका. मला ऑफिसात मोठं काम मिळतंय. आत्ता त्यात डोकं घालायचंय."

मी "बरं" म्हणून बसले. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. तिला उतरवल्यावर पुढं चाकणपर्यंत मी विचार करत होते, हो म्हणायची एवढी घाई का केली, आणि नवऱ्याला कसं सांगू. संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "माझं काही नाही. पण बहिणीला मी नाही सांगणार. तू सांग."

मी नणंदेला फोन लावला. तिच्याकडे दोन नवी स्थळं तयार होती, एक तर परदेशातलं. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, "वन्सं, यंदा नको. पुढच्या वर्षी बघू."

"पोरीचं वय वाढत चाललंय, वहिनी."

"हो," मी म्हटलं, "वाढतंय."

आणि मी फोन ठेवला.